माइकवर घेतलेलं नाव

क्रांतीताई रामटेके दवाखान्याच्या समितीवर कशा गेल्या हे सांगायचं तर आधी भल्लासाहेबांचं सांगावं लागेल. भल्लासाहेब म्हणजे द्वारकेतल्या शुभंकर अपार्टमेंट्सच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही, पण प्रत्येक ठिकाणी आपलंच घोडं पुढे दामटायची खोड. सेक्टरच्या सरकारी दवाखान्याकडून संघाला निरोप आला, की आमच्या समितीवर रहिवाशांचे प्रतिनिधी हवेत, त्यात एक महिला हवी आणि एक अनुसूचित जातीतलं कुणी हवं. भल्लासाहेबांनी सगळे ब्लॉक मनातल्या मनात फिरून पाहिले असणार आणि सी ब्लॉकच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन थांबले असणार. दोन्ही कामं एकाच फ्लॅटमध्ये होत होती. त्याच संध्याकाळी मिठाईचा डबा घेऊन स्वारी दारात हजर. "मैडम, आप तो पढ़ी-लिखी हैं, सरकारी काम समझती हैं. आपसे बेहतर कौन होगा?"

आता क्रांतीताई काय दुधखुळ्या होत्या? केंद्र सरकारच्या एका खात्यात सगळी हयात काढून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेली बाई. आपल्यालाच का बोलावताहेत हे त्यांना डब्याचं झाकण उघडायच्या आत कळलं. क्षणभर वाटलं, डबा परत द्यावा आणि दार लावून घ्यावं. मग त्यांनी विचार केला, दार कुठलं का असेना, आत खुर्ची तर आहे. बसून तर बघू. त्या हो म्हणाल्या.

बाई मूळची नागपूरची, इंदोरा वस्तीतली. बाविसाव्या वर्षी नोकरीची ऑर्डर हातात घेऊन एकटी दिल्लीला आली. रेल्वेत असलेल्या गुणवंत रामटेक्यांशी लग्न झालं, सरकारी क्वार्टरमध्ये संसार झाला. मुलाचं मराठी तुटू नये म्हणून बुद्धभूषणला बस बदलून बदलून पहाडगंजच्या मराठी शाळेत पाठवलं. निवृत्तीच्या जरा आधी दोघांनी मिळून द्वारकेचा हा फ्लॅट घेतला आणि तीन वर्षांपूर्वी गुणवंतराव गेले. त्यानंतर घर हळूहळू मुलाचं आणि सुनेचं झालं. भांडण नाही, तंटा नाही, रीतच आहे ती. गॅसचं कनेक्शन, इंटरनेट, गेटवरचं ते मोबाईलचं ॲप, सगळं बुद्धभूषण आणि मृणालच्या फोनवर गेलं. ताईंकडे उरलं सकाळचं फिरणं आणि नात अनुष्काची शाळेची बस. अशा रिकाम्या दिवसांत समिती आली, म्हणून त्यांनी ती घट्ट धरली.

आणि कामही केलं हं. बाकीचे प्रतिनिधी बैठकीला येत, समोसा खात, 'बिल्कुल, बिल्कुल' म्हणत आणि घरी जात. क्रांतीताई दवाखान्यात जाऊन बसायच्या. बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती, ती त्यांनी बसवून घेतली. म्हाताऱ्यांना उभं राहावं लागायचं, तिथे बाकं आणवली. एक पत्र गेलं की त्याच्या मागे दुसरं, दुसऱ्याच्या मागे स्वतः बाई. तिथल्या डॉक्टर रावत तरुण होत्या, कामाखाली पार वाकून गेलेल्या. त्या हसून म्हणायच्या, "मैडम, आप रिटायर हुई हैं कि नहीं?" रांगेतले लोक त्यांना 'कमेटीवाली मैडम' म्हणायला लागले. त्या नावानं ताईंना गुदगुल्या व्हायच्या, खोटं कशाला सांगा.

मग संघाच्या डोक्यात एक कल्पना आली. क्षयरोगाच्या पेशंटांना औषधाबरोबर सकस खाणं लागतं. तर सोसायटीनं दवाखान्यातले दहा पेशंट दत्तक घ्यायचे आणि दर महिन्याला त्यांना चणे, गूळ, डाळ, तेल अशी टोपली द्यायची. कल्पना चांगलीच होती. ताईंनी टोपलीत अंडीही सुचवली, तेव्हा मिसेस भल्लांनी असा काही चेहरा केला की अंडी तिथल्या तिथे बारगळली. पहिल्या टोपल्या सोसायटीच्या हिरवळीवर द्यायच्या ठरल्या. बॅनर, फोटोग्राफर, रहिवाशांना खुर्च्या. पेशंट एका रांगेत उभे राहणार, भल्लासाहेब आणि मंडळी एकेकाच्या हातात टोपली देणार आणि फोटो निघणार.

इथे क्रांतीताईंचं डोकं फिरलं. रांगेत उभं राहायचं, वाकून घ्यायचं आणि वर दात दाखवून फोटो काढायचा? त्यांच्या वडिलांना, शामरावांना, गिरणीतला मुकादम कधी नावानं हाक मारत नसे, नुसतं 'ए'. तेच शामराव रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाले, तेव्हा वस्तीनं चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात त्यांचा सत्कार केला. पुढच्या ओळीत खुर्ची, माइकवर पूर्ण नाव, नावाआधी श्रीमान, हातात गुलाबाचं फूल. शामराव त्यानंतर आठवडाभर ताठ मानेनं चालत होते म्हणे. माणसाला मान द्यायचा म्हणजे काय करायचं, हे ताई तिथे शिकल्या होत्या. त्यांनी भल्लासाहेबांना ठणकावून सांगितलं, की कार्यक्रम होईल तर माझ्या पद्धतीनं होईल. भल्लासाहेबांना काय, फोटो निघाल्याशी मतलब. ते म्हणाले, "अच्छा, चलो, माइक आप ही सँभालिए."

डॉक्टर रावत आदल्या दिवशी चाचरत म्हणाल्या होत्या, की मैडम, नावं घ्यायलाच हवीत का? ताई म्हणाल्या, "नाम लेने में कैसी शर्म, डॉक्टर? चोरी की है क्या इन्होंने?" डॉक्टर गप्प बसल्या. खरं तर त्यांनी गप्प बसायला नको होतं, पण टोपल्या सोसायटीच्या पैशाच्या होत्या आणि त्यांनाही पेशंटांच्या पोटात काहीतरी जायला हवं होतं.

कार्यक्रमाला पेशंट मागच्या गेटनं आले. त्यात एक बाई होती, कुसमा. बुंदेलखंडातली, महोब्याकडची. सोसायटीच्या पलीकडे ककरोला गावात एका खोलीत राहायची, नवरा सुरतेला. ताई तिला ओळखत होत्या त्या एवढ्याच, की दवाखाना उघडला की पहिली येते, डोक्यावरून पदर ओढून बसते आणि औषध घेऊन घाईनं निघून जाते. कुठे जाते, काय काम करते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. कुसमा हिरवळीवर आली, समोरच्या बाल्कन्या पाहिल्या आणि पार शेवटच्या खुर्चीवर जाऊन तोंड झाकून बसली. ताईंनी तिचा हात धरून तिला पुढच्या ओळीत आणलं. "मुँह क्यों छुपाती हो? सिर उठाकर बैठो." ती काहीतरी सांगायला गेली, "मैडम, वो यहाँ..." पण ताईंच्या हातात माइक आला होता. त्यांनी स्वतःच्या हातानं तिचा पदर खाली केला.

मग एकेक नाव पुकारलं. श्रीमान अमुक, श्रीमती तमुक. प्रत्येकाला गुलाबाचं फूल, मग टोपली, तीही बसल्या जागी, देणाऱ्यानं पुढे येऊन. "श्रीमती कुसमा देवी," ताई माइकवर म्हणाल्या, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुसमा फूल घेऊन उभी राहिली आणि गवताकडे बघत राहिली. दुसऱ्या ओळीतून बी ब्लॉकच्या सायनीबाई उठल्या आणि चालायला लागल्या. ताईंना वाटलं, फोन आला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुष्काला बसमध्ये बसवून ताई परत येत होत्या, तर गेटवर कुसमा उभी. कार्यक्रमातलीच साडी, पण चेहरा पार उतरलेला. आता हे गेट कसं चालतं ते सांगायला हवं. सोसायटीत कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला एक नंबर असतो. तो गेटवरच्या यंत्रात दाबला की हिरवा दिवा लागतो आणि आत जाता येतं. ज्या घरांना बाई हवी ती घरं आपापल्या फोनवरून तिचं नाव ठेवतात, नको झाली की काढून टाकतात. बोलावं लागत नाही, समोर यावं लागत नाही. कुसमा त्या सोसायटीत चार घरी स्वयंपाक करायची, त्यातलं एक घर सायनीबाईंचं. रात्रीतून चारही घरांनी नाव काढलं होतं. गार्ड ताईंना म्हणाला, "क्या करूँ मैडम, हरा ही नहीं हो रहा."

कुसमानं ताईंकडे पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही. "मैडम, मैंने तो किसी को बताया नहीं था," एवढंच म्हणाली आणि वळून चालायला लागली. ताई तिथेच उभ्या. भर सकाळी कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. मान द्यायला गेल्या होत्या हो, आणि त्या बाईचं अन्न काढून घेऊन आल्या होत्या.

त्या दिवसापासून कुसमा दवाखान्यात आली नाही. आठवडा झाला, दुसरा लागला. डॉक्टर रावत यांनी फोन केले, ते लागेनात. त्यांनी ताईंना बसवून नीट समजावलं. कुसमाचं अर्ध्याहून थोडं कमी औषध झालं होतं, थुंकीत जंतू दिसेनासे झाले होते, तिच्यापासून कुणाला काही होणार नव्हतं. पण मध्येच औषध सुटलं तर दुखणं उलटतं आणि मग हीच औषधं त्याला दाद देत नाहीत. पुढचा उपचार लांब, जहाल, आणि त्यातून माणूस निघेलच असं नाही. "अभी भी वक़्त है. पर ज़्यादा नहीं है."

ताई आधी भल्लासाहेबांकडे गेल्या. म्हणाल्या, चारही घरांना तुम्ही सांगा, डॉक्टर लिहून देतील, की या बाईपासून धोका नाही. भल्लासाहेबांनी कानावर हात ठेवले. कुणाच्या स्वयंपाकघरात कोण असावं हे संघ कसं सांगणार? ताई म्हणाल्या, मी समितीवर कशाला आहे मग? त्यावर भल्लासाहेब अगदी गोड आवाजात म्हणाले, "मैडम, आप रेज़िडेंट्स की तरफ़ से हैं. कामवालियों की तरफ़ से नहीं."

ताईंनी घरी येऊन राजीनामा लिहिला आणि तो घेऊन तडक दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी वाचला आणि परत त्यांच्या हातात दिला. क्षयरोगाची खोली सोसायटीच्या भिंतीला लागून आहे, ती इथून हलवा असा संघाचा धोशा चालला होता. समितीत त्याला नाही म्हणणारं एकच माणूस होतं. "आप गईं तो कल को भल्ला जी का कोई आदमी बैठेगा. फिर ये बाक़ी लोग भी कहाँ जाएँगे?" घ्या. म्हणजे खुर्चीत बसवेना आणि खुर्ची सोडवेना. ताईंनी राजीनाम्याच्या चार घड्या केल्या आणि पर्समध्ये कोंबला.

राहिली कुसमा. ककरोल्याच्या गल्ल्यांत विचारत विचारत त्यांनी तिची खोली शोधली. कुसमा जमिनीवर बसून कुठल्याशा कारखान्याच्या कपड्यांचे धागे कापत होती. गालफडं बसली होती. ताईंनी माफी मागितली. सेक्शन ऑफिसर बाईला माफी मागायची सवय नव्हती, शब्द अडखळत आले. कुसमानं ऐकून घेतलं. म्हणाली, "आपने बुरा नहीं सोचा होगा." मग म्हणाली, "पर मैं उधर नहीं आऊँगी. दवाख़ाना उनके गेट के बाज़ू में है. सब देखते हैं." औषध घरी आणून दिलं तर? तर म्हणाली, रिकाम्या पोटी ते औषध जाळतं, मैडम, पोटात काही नको का? टोपलीतले चणे कधीच संपले होते.

"काम मिल जाए तो दवाई खा लूँगी," ती म्हणाली. "आप ही रख लो."

सरळ होतं. नाव तुम्ही घेतलंत, काम तुम्ही द्या. ताई पटकन हो म्हणाल्या. परवापासून ये, म्हणाल्या. त्यांच्यासमोर कुसमानं डॉक्टरांनी पाठवलेली त्या दिवसाची औषधं घेतली आणि ताई हलक्या मनानं घरी निघाल्या. त्या हलकेपणाचं आयुष्य सी ब्लॉकच्या लिफ्टपर्यंत होतं.

मृणाल, म्हणजे सून, काही कैदाशीण नव्हती. माहेर औरंगाबादचं, नाही म्हणायची कला ती माहेरूनच घेऊन आली असावी, पण कारणाशिवाय नाही म्हणत नसे. गुरुग्रामला नोकरी, घर, मुलगी, सगळं ओढत होती. आणि अनुष्काला दमा. दिल्लीचा हिवाळा लागला की पोरीच्या छातीतून शिट्ट्या वाजायच्या, दोनदा तिला हॉस्पिटलात भरती करावं लागलं होतं. मृणालनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय म्हणताय? अनुष्का आहे घरात."

"डॉक्टर म्हणतात, तिच्यापासून धोका नाही."

"तेव्हा नव्हता. मध्ये औषध सुटलंय ना? आता रिपोर्ट काय आहे?"

नवा रिपोर्ट नव्हता. रिपोर्टसाठी कुसमानं दवाखान्यात यायला हवं होतं.

"मग रिपोर्ट येऊ दे, नंतर बघू. मी नेव्हर नाही म्हणत, आई."

बुद्धभूषण म्हणाला, "आई, समजून घे ना यार." लेकानं आईला यार म्हणावं इतका तो वैतागला होता, आणि दोघींच्या मध्ये उभं राहायची त्याची अजिबात तयारी नव्हती.

बघा कसा फास बसला तो. काम मिळाल्याशिवाय कुसमा औषध घेणार नाही. रिपोर्टशिवाय घरात काम मिळणार नाही. आणि दवाखान्यात गेल्याशिवाय रिपोर्ट येणार नाही, जिथे जायची तिला आता लाज वाटते, ती ताईंच्याच कृपेनं. ताई रात्रभर कूस बदलत राहिल्या. मृणालचा राग येत होता आणि तिची चूक सापडत नव्हती. याहून वाईट दुसरं काही नसतं.

ठरल्या दिवशी कुसमा आली, तिला येऊ नको म्हणून सांगायचं ताईंच्यानं झालं नव्हतं. खाली गेटवर थांबली, केस नीट विंचरून, धुतलेली साडी नेसून. गार्डनं फ्लॅटचा नंबर दाबला, आणि विचारणा गेली मृणालच्या फोनवर, कारण ॲपमध्ये क्रांतीताईंचं नावच नव्हतं. मृणाल तेव्हा मेट्रोत होती. तिनं 'नाही' दाबलं. ताई चपला सरकवून खाली धावल्या. गार्डला म्हणाल्या, मी बोलावलंय, मी इथली रहिवासी आहे, सोड तिला. गार्ड बिचारा हात जोडून म्हणाला, "मैडम, आपका नंबर इसमें नहीं है. मेरी नौकरी चली जाएगी." सगळ्या सेक्टरच्या वतीनं बोलणारी बाई, आणि आपल्या दारात एक माणूस आत घ्यायची तिची सोय नव्हती. गेटच्या आत ताई, गेटच्या बाहेर कुसमा, आणि मध्ये तो लाल-पांढरा दांडा. मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

कुसमा जायला वळली. या खेपेला ती गेली तर परत सापडणार नाही, हे ताईंना स्वच्छ कळलं. आणि मग त्यांना सुचलं ते इतकं सोपं होतं, की इतके दिवस का सुचलं नाही याचाच त्यांना राग आला. बाईला आत जाता येत नव्हतं, पण ताईंना बाहेर जाता येत होतं. त्या दांड्याच्या बाजूनं बाहेर पडल्या आणि कुसमाला म्हणाल्या, "चलो, तुम्हारे घर. तुम मेरा खाना वहीं बनाओ. मैं वहीं खाऊँगी."

"रोज़?" कुसमानं विचारलं.

"रोज़. पगार महीने का. पर पहले दवाई, फिर चूल्हा."

त्या पहिल्या दिवशी वाटेत त्यांनी कणीक, बेसन, कांदे, वांगी घेतली. कुसमानं चार पोळ्या आणि वांग्याचं भरीत केलं, बुंदेलखंडी पद्धतीचं, लसूण ठेचून. ताट पुढे आलं आणि ताईंचा हात थांबला. थांबला बरं का. जेवणातून हे दुखणं लागत नाही हे त्यांना पाठ होतं, लोकांना त्यांनी शंभरदा सांगितलं होतं, तरी हात थांबला. कुसमा बघत होती. ताईंना स्वतःची अशी शिसारी आली, की त्यांनी मोठा घास तोडला आणि तोंडात कोंबला. भरीत तिखटजाळ होतं. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाचं, असं त्यांनी कुसमाला सांगितलं.

आणि ते चालू राहिलं. अनुष्काची बस गेली की ताई ककरोल्याला निघायच्या. दवाखान्यातून औषध त्याच घेऊन जायच्या, आधी ते कुसमाच्या पोटात जाताना बघायच्या आणि मग जेवायच्या, दोघी मिळून. ताईंनी तिला नागपुरी झुणका शिकवला, तिनं ताईंना चव बघून मीठ कमी टाकायला शिकवलं. आठवड्याभरात कुसमाला दुपारी दवाखान्यात यायला ताईंनी राजी केलं, तेव्हा गेटवर वर्दळ नसते. थुंकी तपासली. जंतू नव्हते. डॉक्टर रावत यांनी ताईंचे दोन्ही हात धरले.

ताई तो रिपोर्ट घेऊन घरी गेल्या, मृणालला दाखवला. मृणालनं तो नीट वाचला. म्हणाली, "चांगलंय, आई. खरंच चांगलंय." मग म्हणाली, "पण घरी नको. प्लीज." सोसायटीत आता सगळ्यांना माहीत झालं होतं. सायनीबाईंनी लिफ्टमध्ये मृणालला गाठून विचारलं होतं, की तुमच्या सासूबाई रोज त्या टीबीवालीकडे जेवतात म्हणे? आणि तुमची मुलगी तर दम्याची ना? मृणालच्या मनात नसलेली भीतीही तिथे जन्माला आली असेल. भीती रिपोर्ट वाचून जात नाही हे ताईंनाही कबूल होतं, त्यांचा स्वतःचा हात थांबला होताच की.

समितीच्या बैठकीत खोली हलवायचा विषय पुन्हा निघाला. ताई पुन्हा नाही म्हणाल्या. भल्लासाहेब म्हणाले, "मैडम का तो अब पर्सनल इंटरेस्ट है," आणि सगळे हसले. ताई हसल्या नाहीत आणि उठूनही गेल्या नाहीत. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. ढकलला गेला हेच खूप, असं म्हणायची पाळी आली होती.

त्या दिवशी ताई बैठकीहून दमून घरी आल्या. मृणालचा दिवस घरून कामाचा होता, आतल्या खोलीत तिची मीटिंग चालली होती. अनुष्का ओट्याशी चित्र काढत बसली होती. ताईंनी फडताळातून ग्लास घ्यायला हात घातला, तर अनुष्का म्हणाली, "आजी, तो नको. तुझा अलग आहे."

तिनं बोट दाखवलं. खिडकीपाशी, गाळणी आणि जुने डबे ठेवायच्या फळीवर एक स्टीलचं ताट, एक वाटी, एक ग्लास आणि चमचा वेगळा मांडून ठेवला होता. सगळं स्वच्छ घासलेलं, पुसलेलं, वर नॅपकिन. भांड्यांवर गुणवंतरावांचं नाव कोरलेलं होतं, लग्नात आलेली भांडी ती.

"मम्मीनी सांगितलं, हे आजीचं. बाकी सगळं आपलं," अनुष्कानं समजावून सांगितलं. पोरीच्या आवाजात काही वाईट नव्हतं. तिला वाटलं असेल, आजीला स्पेशल मिळालं.

ताई त्या फळीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या आजीला गावात हॉटेलच्या मागच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात तिची कपबशी. चहा प्यायचा, धुवायची, परत कोनाड्यात ठेवायची. आजी हे सांगायची तेव्हा लहानगी क्रांती विचारायची, तू फेकून का नाही दिलीस ती कपबशी? आणि आजी काहीच बोलायची नाही. मृणालच्याही घरात अशी एक आजी असणारच. पण मृणालच्या मनातही आलं नसेल, की आपण काय मांडून ठेवलंय. तिनं आपली लेक जपली होती. आतल्या खोलीत जावं आणि मीटिंग चालू असली तरी ताट तिच्या टेबलावर आदळावं, असं त्यांना फार वाटलं. तोंड होतं, हक्कही होता, घर अर्धं त्यांच्या पगाराचं होतं.

पण भांडण झालं असतं तर ते इथे थांबलं नसतं. एकतर आम्ही नाहीतर ककरोला, असं कुणीतरी म्हटलं असतं, आणि एकदा तोंडातून निघालं की मग मागे घेता आलं नसतं. बुद्धभूषण रडकुंडीला आला असता. अनुष्काच्या बसला दुसरं कुणी गेलं असतं. आणि उद्या सकाळी ककरोल्यात एक बाई गोळ्या पुढ्यात घेऊन दाराकडे बघत बसली असती.

"आजी, तू उद्या पण त्या आंटीकडे जाणार?" अनुष्कानं विचारलं.

"हो," ताई म्हणाल्या.

त्यांनी खिडकीतला ग्लास घेतला, पाणी ओतलं आणि उभ्या उभ्या पिऊन टाकलं. ग्लास स्वतः घासला, पुसला आणि जिथून उचलला होता तिथेच, वेगळा, परत ठेवला. कुसमाचं अजून निम्मं औषध बाकी होतं.